चुलीपुढे बसणारा गुडघा

अक्का,

काल नानांनी अंगणातल्या निंबावर टांगलेलं फडकं सोडलं आणि माझ्या हातात दिलं. तुझे यजमान, गावाचे नाना, नात्यानं माझे दाजी. पण मला कळायला लागल्यापासून मीही त्यांना नानाच म्हणत आले. फडक्यात तुझा गुडघा होता. राख सावडायला गेलेल्यांना तो अस्थींमध्ये सापडला. अस्थी त्याच दिवशी तापीत सोडल्या, पण लोखंड नदीत कसं टाकायचं, म्हणून नानांनी ते धुतलं, बांधलं आणि झाडाला लटकवून ठेवलं. असलं काही घरात आणत नाहीत.

"शालू, हाई तुनं शे ना?" नाना म्हणाले.

मी हो म्हणाले. नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या ज्या छोट्या कारखान्यात मी बदली गुडघ्यांची डिझाइनं करते, तिथूनच तो आलेला. मांडीच्या हाडावरचं धातूचं टोपण आणि नडगीच्या हाडावरची तबकडी, दोन्ही शाबूत होती. आगीनं रंग तेवढा काळानिळा झालेला. मधलं प्लास्टिक अर्थातच जळून गेलं. मी टोपण उजेडात धरलं, कड वाकली आहे का पाहिलं, चरे पडलेत का ते नखानं चाचपलं, रोज टेबलावर करते तसं. तपासून झाल्यावर लक्षात आलं, नाना माझ्याकडे बघत होते.

मला रडू येत नाहीये, अक्का. दारावर बाया येतात, उंबऱ्यापासूनच गळा काढतात, तुझे गुण गात गात माझ्या गळ्यात पडतात, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहते. जणू त्यांचंच कुणी गेलंय आणि मी भेटायला आलेय. परवा एकजण हुंदके देता देता थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघून पुढच्या बाईच्या गळ्यात गेली. मागून कुजबुज ऐकू आली, "शिकेल बाई, तिले रडू येत नही." येत नाही हे खरं आहे. शिक्षणाचा काही संबंध नाही. चहा बेचव लागतो, आणि कुणी काही विचारलं की उत्तर द्यायला उशीर होतो. एवढंच होतंय.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "ऱ्हाऊ द्या तिले. ती पह्यलेपासून तशीच शे."

पहिल्यापासून म्हणजे केव्हापासून? आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी जेमतेम चालत होते, आणि तू लग्नाची झाली होतीस. तुझ्या कडेवर मी एवढी वाढले की गावाला वाटायचं, मी तुझीच. सासरी जाताना तू मलाही बरोबर नेलंस. नानांच्या पिठाच्या गिरणीत, गव्हाच्या पोत्यावर बसून मी पाढे म्हटले. पट्टा चाकावरून निसटला की नाना मला हाक मारायचे, कारण तो का निसटला हे बघायला मला आवडायचं. आणि तू चुलीपाशी बोलवायचीस तेव्हा मी पळून जायचे.

मांडे तू किती शिकवलेस मला! दोन्ही हातांवर तो पुरण भरलेला गोळा घ्यायचा, झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा, रुमालासारखा पातळ झाला की पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. माझा दरवेळी मधेच फाटायचा आणि पुरण थेट जाळात. तू कपाळावर हात मारायचीस. "तुनं डोकं चालस, हात चालत नही. जाय, तू लोखंडच घडाव." मी मेकॅनिकल घेतलं ते धुळ्याच्या कॉलेजात सहज मिळालं म्हणून. पण तू साऱ्या गावाला सांगितलंस की मांडे येईनात म्हणून पोरगी इंजिनियर झाली.

तुझे मात्र कधी फाटले नाहीत. गावात लग्न निघालं की मांड्यांना अक्का, हे ठरलेलं. पाटावर बसायचीस, उजवा पाय उभा, डावा पाय मुडपून आत घेतलेला, त्याचा गुडघा बाहेर पार भुईला टेकलेला. अंग उजवीकडे खापराकडे झुकायचं. सकाळी बसलीस की पंगती उठेपर्यंत तशीच. त्या डाव्या गुडघ्यानंच शेवटी दगा दिला. आतली कुर्चा घासून हाडावर हाड आलं. तू तीन जिने चढावेत तशी एक पायरी चढायला लागलीस.

ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी दोन-तीन प्रकारचे गुडघे सांगितले, बाहेरदेशचेही. तू त्यांचं पूर्ण ऐकूनही घेतलं नाहीस. "घरनं शे ना? मंग बाहेरनं कसाले?" जसं काही मी ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे वाळत घातले होते. डॉक्टर हसले. मी नाही हसले. आजवर मी बनवलेले गुडघे अनोळखी माणसांच्या पायांत जायचे.

वर्ष छान गेलं. तू बाजाराला चालत जायला लागलीस, मंदिराच्या पायऱ्या चढलीस, येणाऱ्याजाणाऱ्याला टाक्यांची खूण दाखवून "मन्ही बहीननी बनाडेल शे" म्हणून सांगितलंस. लोकांना वाटायचं मीच ऑपरेशन केलं.

मग आखाजी आली, आपली अक्षय्य तृतीया. वर्षाचा एकच सण, जेव्हा सगळ्या लेकीबाळी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. आणि आमरसाबरोबर अक्काचे मांडे नसले तर आखाजी झाली असं कुणी म्हणायचंच नाही. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर स्पष्ट छापलं होतं: खाली बसू नये. मी तुला तो वाचून दाखवला होता, रेखाने, तुझ्या लेकीने, दाखवला होता. तू मान डोलावली होतीस. आणि त्या सकाळी परसात चूल पेटली तशी जाऊन पाटावर बसलीस.

नंतर मी चिडून विचारलं, कागद वाचला होता ना? तर तुझं उत्तर आलं ते मी जन्मात विसरणार नाही. "मी पाटवर बसनू. खाले कोठे बसनू?"

तुझ्या लेखी ते खरंच होतं, अक्का. भुईवर बसणं म्हणजे खाली. पाट म्हणजे आसन. पाटावर नवरदेव बसतो, जावई बसतो, देव बसतो. पाटावर बसलेल्याला कोण म्हणेल खाली बसला? कागद लिहिणाऱ्या माणसाला वाटलं असेल, सगळ्या जगाला कळेल असं लिहिलं. त्याच्या जगात पाट नव्हता.

दुसरा मांडा खापरावर होता. तो उचलायला तू उजवीकडे झुकलीस, आणि रेखा सांगते, ओला फाटा मोडावा तसा आवाज आला. पाय तसाच अडकला, ना सरळ होईना ना वाकेना. बाया ओरडायला लागल्या. तू पांढरीफटक पडलेली, दात आवळलेले, आणि तोंडातून काय निघालं? "पह्यले मांडा काढा, करपी जाई."

धुळ्याला पोहोचल्यावर डॉक्टरांनी मला एक्स-रे दाखवला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या कारखान्याच्या गुडघ्यात टोपणाच्या मागे एक आडवा दांडा असतो आणि मधल्या प्लास्टिकला एक खुंटी असते. पाय वाकला की दांडा खुंटीला मागून अडतो, कडीकोयंड्यासारखा, म्हणून नडगी मागे सरकत नाही. पण गुडघा पूर्ण मुडपला, वर तो बाहेर पाडला आणि अंगाचा भार एका बाजूला दिला, की एका बाजूचा जोड उघडतो. दांडा खुंटीवर चढतो. माथ्यावरून पलीकडे उडी मारली की संपलं. एक्स-रेमध्ये तुझा दांडा खुंटीच्या पुढे येऊन बसला होता. जी कडी तेवढीच पुरेशी आहे म्हणून मी सही केली होती, ती निघालेली होती.

भूल देऊन त्यांनी ओढून जागेवर बसवलं. म्हणाले, "मॅडम, हे फार क्वचित होतं. कोणत्याही डिझाइनमध्ये होऊ शकतं. मधलं प्लास्टिक बदलून जाड घालू, नाहीतर पट्टा बांधून कायम खुर्ची." तुला शुद्ध आल्यावर मी दोन्ही सांगितलं. तू विचारलंस, "जाड घातं त मी खाले बसू का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग कसाले परत फाडानं? तू बसानं बनाड. तवय करसू."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी तुझ्यासाठी उंच ओटा बांधून घेतला, शेगडी वर ठेवली, खापर वर ठेवलं. तू एकदा उभी राहिलीस, तुझ्या आयुष्यातला पहिला मांडा फाटला, आणि तू शेगडी बंद केलीस. "उभं राहीसन मांडा व्हस का? ती काय मेसनी पोळी शे?" मी म्हटलं, शहरात दुकानांमधून बाया उभ्यानंच करतात. तू म्हणालीस, करोत बापड्या. मी म्हटलं, अक्का, आता वय झालं, रेखाला करू दे, तू सांग नुसतं. तेव्हा तू काठी आपटलीस. "गुडघा मना शे का तुना?"

"बनवलाय मी," मी म्हटलं.

"मंग मना पायमा कसाले घाला?"

नाना गिरणीतून डोकावले आणि परत आत गेले. आपल्या दोघींच्या मध्ये पडायचं नाही हे त्यांनी फार पूर्वीच ठरवलं होतं.

तुला तेव्हा सांगितलं नाही की माझं त्याच गोष्टीवरून कारखान्यातही भांडण चालू होतं. तिथं मी तुझ्या बाजूनं बोलत होते. आमचे साहेब म्हणायचे, सूचना छापली आहे ना, मग झालं. मी म्हणायचे, साहेब, आपल्याकडे पंगत भुईवर, पूजा भुईवर, बारसं भुईवर, मयताला गेलं तरी भुईवर. आपण ज्यांच्यासाठी गुडघे बनवतो त्यांना बसूच नका सांगायचं, तर मग विहीर खोदून पाणी पिऊ नका सांगितल्यासारखं झालं. घरी तुला बसू नकोस म्हणून ओरडायचं आणि ऑफिसात तिला बसायचंच आहे म्हणून ओरडायचं. दोन्ही मनापासून.

खुंटी नुसती उंच करून भागत नाही. उंच खुंटीवर मुळाशी जास्त ताण येतो, ती मोडू शकते. पुढून गुडघ्याच्या वाटीलाही घासते. मी मूळ रुंद केलं, माथा पुढून उतरता केला, आणि मागची बाजू अशी वळवली की गुडघा जितका जास्त वाकेल तितका दांडा वर चढायच्या ऐवजी खाली मुळाकडे सरकत जाईल. आणि एक अट मी सोडली नाही: हे प्लास्टिक जुन्याच टोपणात, जुन्याच तबकडीत बसलं पाहिजे. म्हणजे पुन्हा हाड कापायला नको, मधला तुकडा तेवढा बदलायचा. साहेब म्हणाले, "नवीन पेशंटला नवीन सेट देऊ. जुन्या धातूची अट कशाला अडकवून घेतलीय?" मी सांगितलं नाही कशाला. त्यांना बहुतेक माहीत होतं.

आठवतं, मी कोनमापक घेऊन आले होते? आमचं यंत्र गुडघा सरळच वाकवायचं, खुर्चीत बसल्यासारखा. पाटावर बसल्यासारखा बाहेर पाडून वाकवायचं त्याला ठाऊकच नव्हतं. तो कोन मला हवा होता. रेखाला तुझ्या पाटावर बसवलं, हातावर मांडा दिला, आणि मी भुईवर आडवी होऊन तिच्या गुडघ्याला कोनमापक लावत होते. तू खुर्चीतून दोघींना शिव्या घालत होतीस. "अजून झुक. अजून. आम्ही काय आसं बसतस का? पाय पार पाड खाले." रेखा म्हणाली, आई, मांडा गळतोय. तू म्हणालीस, "गळू दे, ती मापी ऱ्हायनी." हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दिवशी तू पट्ट्याबद्दल एकदाही कुरकुरली नाहीस.

निघताना मला दारापर्यंत सोडायला आलीस आणि सहज म्हणालीस, "तुनं बनस तवलगून मी ऱ्हासू का व?" मी चपला घालत होते. म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. परवानग्या, चाचण्या, वर्षं लागतात हे तुला मीच सांगितलं होतं. तरीही तू खुर्चीत बसून वाट बघायचं कबूल केलंस. तुझ्यासारखी बाई, जिनं कधी भाजीवाल्याची वाट पाहिली नाही. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. तू माझ्या कामावर जेवढा भरवसा ठेवलास तेवढा अजून कुणीही ठेवलेला नाही, मीसुद्धा नाही.

तू जायच्या दोनच दिवस आधी यंत्रावरची चाचणी संपली, अक्का. तुझ्याच कोनात मुडपून, बाहेर पाडून, भार देऊन. दांडा नाही उडाला. पुन्हापुन्हा करून पाहिलं, नाही उडाला. फोन हातात घेतला होता. मग वाटलं, फोनवर नको. रविवारी जाणारच आहे, समोरासमोर सांगू, तुझं तोंड बघायचं होतं मला. तू आधी काय म्हणशील याचाही अंदाज केला होता. "मंग कधी बसू?" असंच म्हणाली असतीस.

रविवार यायच्या आधीच रेखाचा फोन आला. सकाळचा चहा घेतलास, कप खाली ठेवलास, आणि खुर्चीतच गेलीस. डॉक्टर म्हणाले हृदय. सगळा जन्म जी बाई भुईवर बसली, ती खुर्चीत गेली. मी पोहोचले तेव्हा तुला भुईवर घेतलेलं होतं. डाव्या पायाला तो पट्टा तसाच होता. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नाना म्हणाले, "काढ तो." मी काढला. चिकटपट्टीचा तो चर्रर्र आवाज सगळ्या घरात ऐकू गेला. तुझ्या मांडीवर पट्ट्याचे वळ होते, मी ते अंगठ्यानं चोळत बसले. रक्त नसलेल्या अंगावरचे वळ जात नाहीत हे मला कळत होतं. तरी चोळत होते.

तेव्हापासून हे असं आहे. आत काहीतरी बंद पडलंय आणि कुठला पट्टा निसटलाय ते सापडत नाहीये.

आज दुपारी मी कारखान्यात गेले. कुणी विचारलं नाही, का आलात म्हणून. साहेबांनी फक्त त्यांच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मी फडकं सोडलं, ब्रशने तबकडीच्या खाचेतली राख काढली. जेवढी निघाली ती पुन्हा फडक्यातच ठेवली. मग कपाटातून नव्या प्लास्टिकचा एक नमुना घेतला आणि तबकडीवर दाबला. इतक्या आगीतून गेलेली वस्तू, मला वाटलं बसणार नाही. टक् करून बसला. माझी अट बरोबर होती.

वरून टोपण ठेवलं. आधी सरळ. मग खुर्चीइतकं वाकवलं. मग त्याच्या पुढे, पाटाइतकं, अगदी शेवटपर्यंत. मग तुझा गुडघा बाहेर पाडला. तळहातानं वरून भार दिला आणि उजवीकडे झुकवलं, खापराकडे. दांडा हळूहळू खाली सरकला आणि खुंटीच्या मुळाशी जाऊन बसला. मी आणखी जोर दिला. सगळं अंग टाकलं त्याच्यावर. नाही सुटला.

बसलीस, अक्का.

आणि तेव्हा मला कळलं की तू नाहीयेस. टेबलावर डोकं ठेवून मी किती वेळ रडले माहीत नाही. साहेबांचं दार बंदच होतं.

उद्या तुझी गंधमुक्ती, सुतक फिटायचा दिवस. रेखा परसातली चूल पेटवणार आहे, तुझ्या पाटावर बसून तीच मांडे करणार आहे. मी लवकर येतेय. चुलीच्या बाजूला, जिथं तुझा डावा गुडघा टेकून टेकून भुई गुळगुळीत झालीय, तिथं मी एक खड्डा करणार आहे. गुडघा सरळ नाही ठेवायचा. पूर्ण मुडपून, बाहेर पाडून, मधल्या नव्या तुकड्यासकट.

आणि नानांना आधी सांगायचंय, काल मी चुकीचं उत्तर दिलं. हाई मनं नही, नाना. हाई अक्कानं शे.

भांडण मिटलं. खाले बस, अक्का.